तुझ्या गाडीचा एसी आणि निळी लोकर

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा मान खाली घालून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? लेकीकडे दोन जिने चढावे लागतात म्हणाली होतीस, म्हणून विचारतो. आम्ही दोघं बरे आहोत. तुझी गाडीही बरी आहे. लिहायचंय ते गाडीबद्दलच, म्हणून आधी गुडघ्याची चौकशी उरकून घेतली (काळजी खरीच आहे, गैरसमज नको).

मागच्या पत्रात मी तुझ्या मेकॅनिकला, म्हणजे आपल्या उस्तादांना, लबाड म्हटलं होतं. झालं असं, की तू गाडी सांभाळायला दिलीस आणि पंधरा दिवसांत एसीने नखरे सुरू केले. निघताना गारेगार, अर्ध्या तासाने झोत मंदावायचा, मग नुसती फुंकर. घामाघूम होऊन मी गॅरेज गाठायचो, नंबर येईपर्यंत गाडी बंद करून बसायचो, आणि उस्तादांनी बटण दाबलं की एसी असा गार, की मीच खोटा. डॉक्टरच्या दारात पोचताच ताप उतरावा तसं. असं तीनदा झालं. गॅस पुरेसा आहे, दोन दिवस गाडी ठेवून जा, असं ते म्हणाले. मला मात्र वाटलं (तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे मला फार वाटतं), की हा माणूस मुद्दाम काहीतरी सैल ठेवतोय. ते मी चार गिऱ्हाइकांसमोर, वर्गातल्या आवाजात बोलून दाखवलं. त्यांनी फडक्याला हात पुसले आणि ते आत निघून गेले. मी घरी येऊन तुला पत्र लिहिलं, आणि तू तुझ्या शाळेच्या चारही व्हॅनचं काम त्यांच्याकडून काढून घेतलंस.

आठ दिवसांनी उस्ताद आपणहून घरी आले. व्हॅनबद्दल चकार शब्द नाही. म्हणाले, उभ्या गाडीत बिघाड दिसत नाही, तर चालत्या गाडीत बसून त्याची वाट बघू. बायकोला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, ती मागे बसली. चाळिसाव्या मिनिटाला झोत मंदावला. त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली, समोरचा कप्पा काढला आणि आत बॅटरीचा उजेड टाकला. कूलिंग कॉइलवर हा एवढा बर्फ! कॉइल फार गार झाली की एसीला जरा थांबवणारा एक बारीक सेन्सर असतो, तो जागेवर नव्हता. म्हणून बर्फ साचून हवा अडायची, आणि गाडी उभी राहिली की बर्फ वितळून सगळं ठीक. सेन्सर बाजूला, निळ्या लोकरीने नीट बांधून ठेवलेला होता.

मागून बायको म्हणाली, "ही माझ्या स्वेटरची लोकर."

ताई, गाडी आली त्याच आठवड्यात, कुबट वास येतो म्हणून तो कप्पा मीच उघडला होता. त्या सेन्सरची वायर मधे येत होती, परत बसवताना तिची जागा सापडेना, म्हणून बांधून टाकली. नंतर विसरलो, असं लिहिणार होतो. पण विसरलो नव्हतो. गॅरेजमध्ये तावातावाने बोलतानाही ती गाठ डोळ्यांसमोर आली होती, आणि मी आवाज आणखी चढवला.

उस्तादांनी गाठ सोडवली, सेन्सर बसवला, आणि एवढंच म्हणाले, "सर, गाठ पक्की मारली होती." बायकोने दाताचं निमित्त करून घरापर्यंत तोंड उघडलं नाही.

तुझा,
(सही करायची लाज वाटते) धाकटा

ता. क. घरी पोचल्याबरोबर शाळेत फोन कर आणि व्हॅनचं काम उस्तादांना परत दे. खरं तर हे सगळं पत्र या एका ओळीसाठी लिहिलंय. कारण विचारलं तर माझं नाव सांग, 'काही तांत्रिक अडचण' म्हणू नकोस.

आणखी एक. माफी मागायला तीन वेळा गॅरेजात गेलो आणि तिन्ही वेळा चाकांत हवा भरून परत आलो (तिसऱ्या खेपेला त्यांना हवा काढावी लागली). उद्या तुला घ्यायला स्टेशनवर उस्तादच येतायत. हे पत्र त्यांच्याच हाती देतोय. पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही.