तीन शेळ्यांची वही

आबा, तुमच्या त्या तीन शेळ्यांबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे. तेव्हा तुमचं जे वय होतं त्यापेक्षा मी आज कितीतरी मोठी आहे. घरात मी एकटीच आहे, तरीही हे लिहायला बसण्याआधी मी दाराला कडी लावून आले. कोण येणार होतं, मलाही माहीत नाही.

निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. जिंतूरला ढोरांच्या दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत आपण राहत होतो. लोक तुम्हाला डॉक्टर म्हणत नसत, जुन्या रिवाजाप्रमाणे सलोत्रीच म्हणत. तुमचं सगळं शिकणं उर्दूतून झालेलं, आणि नव्या सरकारला सगळे कागद मराठीत पाहिजे होते. उर्दू तुम्ही बोलता बोलता लिहायचात, पण देवनागरीतली एक ओळ काढताना कपाळाला घाम यायचा. म्हणून सातवी झालेली मी तुमची कारकून झाले. "लिही माय," म्हणून तुम्ही सांगायचात आणि मी लिहायचे. एकदा एका बैलाचा ताप बघायचा राहिला, तर मी आदल्या दिवसाचाच आकडा उतरवला. तुम्ही मारलं नाही. पान फाडलंत, चार तुकडे केलेत आणि माझ्या हातात दिलेत. "जे बगितलं न्हाई ते लिहायचं न्हाई," एवढंच बोललात. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्याच वर्षी आईला दिवस गेले होते. माझ्यानंतरची दोन बाळंतपणं वाया गेलेली, त्यामुळे या खेपेला घरात सगळे पाऊल जपून टाकत होते. बाजारचं काही खायचं नाही, अशी तुमची सक्त ताकीद होती. पण आईच्या पोटात काही ठरत नव्हतं. भाकरीचा वास आला तरी ती चुलीपासून उठून जायची. एके दिवशी कुणीतरी हळदीकुंकवाला बाजारातल्या हलवायाचे पेढे आणले, त्यातला एक तिनं खाल्ला आणि तो पोटात राहिला. त्या पेढ्याला एक वेगळाच वास होता, नुकतं कापलेलं गवत उन्हात वाळत पडावं तसा, पण गोड. त्या दिवसापासून ती मला गुपचूप हलवायाकडे पाठवायला लागली. "तुझ्या आबाला सांगू नकोस गं. एवढंच जातंय मला," ती म्हणायची. मी परकराच्या ओच्यात पुडी लपवून आणायचे. महिनाभर तरी आणली असेल. आई खायला लागली म्हणून मला आनंद व्हायचा, हेही सांगते.

मग तो मानवतचा पेंडवाला आला. सरकीच्या पेंडीचा त्याचा मोठा धंदा होता. त्यानं टेबलावर पत्र्याचा एक डबा ठेवला आणि झाकण काढलं. आत मिठासारखी बारीक, चकाकणारी पांढरी पूड. "मुंबईहून आणली साहेब," तो म्हणाला. "चिमूटभर पेंडीत घातली की ढोर खालचा चारा सोडून पेंडीवर पडतंय. खवट पेंडसुदिक चाटूनपुसून खातंय. तुमी फक्त लिहून द्या, ढोराला अपाय न्हाई म्हणून. सरकारी शिक्का बगितला की लोक घेत्यात." मी कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. वास माझ्यापर्यंत आला. आईच्या पेढ्यांचा वास होता तो.

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण बोलले असते तर पेढे कुणी आणले, तेही सांगावं लागलं असतं. मी खाली मान घालून बसले. तुम्ही डब्याला नाक लावलंत, जिभेच्या टोकावर कण ठेवून थुंकलात आणि विचारलंत, "ही कशाची हाय?" त्याला सांगता आलं नाही. "वासाची हाय साहेब, वासानं काय होतंय?" तो हसला. तुम्ही हसला नाहीत. "वास असंल न्हाईतर रंग असंल, पोटात जातंय ना? महिनाभर थांबा. आधी मी बगतो, मग लिहितो."

धनगरवाड्यातून तुम्ही तीन शेळ्या आणल्यात. पहिलीला साधी पेंड. दुसरीला पेंडवाला घालतो तेवढ्या मापाची पूड. तिसरीला त्याच्या पाचपट. पूड मोजून द्यायची, कोण किती खाते, लेंडी कशी पडते, रवंथ करते की नाही, हे सगळं बघून लिहायचं काम माझ्याकडे. शेळीची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आतला रंग कसा बघायचा, हिरडी कशी दाबायची, हे तुम्ही मला शिकवलंत. शिकवताना तुम्ही किती खूश होतात, आबा. आणि मी शिकत होते ते एवढ्याचसाठी, की घरात जाऊन ते आईवर करून बघता यावं.

पेढे मी त्याच दिवशी बंद केले. हलवाई गावाला गेलाय, असं आईला सांगितलं. मग त्याची भट्टी बंद आहे म्हणाले, मग त्याच्या घरी कुणी आजारी आहे म्हणाले. रोज एक नवं खोटं. आई पुन्हा ओकायला लागली. दुपारी ती भिंतीकडे तोंड करून पडलेली आहे, मी तिच्या उशाशी बसते, श्वास धरते आणि अंगठ्यानं तिची पापणी खाली ओढते. ती दचकून जागी होते. "काय करायलीस गं?" "डोळ्यात कचरा दिसला." ती माझ्याकडे बघत राहते. "येडी हायस का तू?" म्हणते आणि कूस बदलते. मला रंग नीट दिसलेलाच नसतो. मग सगळी दुपार मी आठवत बसते, गुलाबी होता की फिका, फिका की पिवळा.

दोन आठवडे झाले असतील. तिसऱ्या शेळीनं खाणं टाकलं. ती कोपऱ्यात डोकं भिंतीला टेकवून उभी राहायची. पापणीच्या आत हळदीचं बोट फिरवल्यासारखं दिसायला लागलं. चौथ्या सकाळी ती आडवी पडलेली होती. तुम्ही तिला दवाखान्याच्या मागे नेऊन उघडलंत आणि मला शेजारी उभं केलंत. "बग, काळीज असं नसतंय," म्हणालात. यकृत सुजलेलं, पिवळट, तुमच्या बोटाखाली शिळ्या खरवसासारखं तुटत होतं. "लिही," तुम्ही म्हणालात. माझी पेन्सिल दोनदा मोडली. तुम्हाला वाटलं, पोरगी रक्ताला भ्याली.

आता सगळं दुसऱ्या शेळीवर आलं, कारण तिचं माप म्हणजेच लोकांच्या ढोरांच्या पोटात जाणारं माप होतं. मी मनात धरलं की आईच्या पोटात गेलेलंही तेवढंच. आणि दुसरी शेळीसुद्धा मंद व्हायला लागली होती. केस उभे राहायचे, अर्धी पेंड तशीच टाकायची. तिसरी मेली त्याच्या दुसऱ्या सकाळी मोजलेली पूड घेऊन मी गोठ्यात गेले आणि माझा हात पेंडीकडे गेलाच नाही. चुलीच्या राखेत मी पूड पुरून टाकली. वहीत लिहिलं, 'पूड दिली. खाल्ली.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चार-पाच दिवसांत शेळी माझ्या हाताला चाटायला लागली, पेंड संपवायला लागली. मला इतकं हायसं वाटलं, की पूड न देताच ती सुधारते आहे, हे जणू मी विसरूनच गेले. शेळी जगली, आता आई जगेल, एवढंच डोक्यात घुमत होतं.

महिना भरला आणि पेंडवाला आला. तुम्ही त्याला दोन्ही शेळ्या दाखवल्यात, वही वाचायला लावलीत. "बगा साहेब, मी काय म्हणलो?" तो म्हणाला. "लय दिली तर मीठसुदिक मारतंय. मापात दिली तर कायबी होत न्हाई." तुम्ही बराच वेळ दुसऱ्या शेळीच्या अंगावरून हात फिरवलात. मग खुर्चीवर बसलात, कोरा कागद माझ्यापुढे सरकवलात आणि म्हणालात, "लिही माय. ठरल्या मापात दिली असता जनावरास अपाय आढळला नाही."

मी 'ठरल्या' लिहिलं. 'मापात' लिहिलं. पुढे हात चालेना. पेंडवाला माझ्या डोक्यावर वाकून बघत होता, त्याच्या अंगालाही तोच गोड वास येत होता. तुम्ही म्हणालात, "काय झालं?" मी कागद बाजूला सारला. "आबा, मी पूड दिली न्हाई."

"कवापासून?"

"तिसरी मेली त्याच्या दुसऱ्या दिवसापून."

"लेकराच्या बोलण्यावर काय जाता साहेब," पेंडवाला म्हणाला. "भ्यालंय ते." तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, आता तुम्ही मला माराल, आणि मारलंत तर बरं होईल, असंही वाटलं. तुम्ही उठलात, शेळीजवळ गेलात, तिची पापणी पुन्हा एकदा ओढून बघितलीत. "म्हणजे पूड थांबली आन् ही खायला लागली," तुम्ही स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणालात. मग माझ्याकडे वळलात. "का दिली न्हाईस? दया आली?"

मी "हो" म्हणाले.

तुम्ही वही उघडून माझ्यापुढे ठेवलीत. ज्या ज्या दिवशी खोटं लिहिलं होतं, त्या त्या दिवसावर काट मारून खरं काय ते लिहायला लावलंत, आणि प्रत्येकापुढे माझी सही. पेंडवाला तोवर उभाच होता. "एका शेळीवरून मी कायबी सांगू शकत न्हाई," तुम्ही त्याला म्हणालात. "अपाय न्हाई, हे तर मुळीच न्हाई." तो डबा उचलून निघाला. "साहेब, नवं राज्य हाय," दारातून म्हणाला. "बदल्या लय व्हायल्यात." पुढे पाचच महिन्यांत आपल्याला जिंतूर सोडावं लागलं. त्याच्यामुळे की नाही, कोण सांगणार?

पण त्याआधीचा एक दिवस राहिला. ती पूड हलवायाकडेही जाते, हे तुम्हाला बाजारात कुणीतरी सांगितलं. तुम्ही मला बरोबर घेऊन त्याच्या दुकानावर गेलात. हलवायानं तुमचं सगळं ऐकून घेतलं. "वासानं गिऱ्हाईक येतंय साहेब, चांगल्या घरची माणसं नेत्यात," तो म्हणाला आणि बोलता बोलता त्याची नजर माझ्यावर आली. तो थांबला. मी त्याच्याकडे बघत होते. कुणाकडेही मी आयुष्यात इतकं हात जोडल्यासारखं बघितलेलं नाही. त्यानं नजर काढून घेतली, फळीवरची त्या पुडीची बाटली उतरवली आणि तुमच्यासमोर मोरीत ओतली. येताना तुम्ही म्हणालात, "भला माणूस हाय." मी मान हलवली.

आईला मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी तो पिवळा पडला. बाळंतिणीच्या खोलीत दिव्याच्या उजेडात नीट कळत नव्हतं, म्हणून सुईणीनं त्याला दाराशी आणलं, आणि मी बघितलं, डोळे, हातापायांचे तळवे, सगळं पिवळं. तुम्ही हसलात. "लय लेकरं पिवळी होत्यात. कवळ्या उन्हात धरा, उतरंल." आईही हसली. तुम्ही दोघं हसत होतात आणि मी त्याला उचलून उन्हात नेलं. त्या दहा दिवसांत मी काय खाल्लं, कुठं निजले, मला काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की रोज सकाळी उन्हात त्याला मांडीवर घेऊन मीच बसायचे, आणि दुसऱ्या कुणाला घेऊ द्यायचे नाही. मग एके दिवशी तो नुसता गोरा दिसला. आईला वाटलं, बहिणीची माया.

तो चांगला धडधाकट निघाला, हे तुम्ही बघितलंतच. आता त्याला नातवंडं आहेत. खूप वर्षांनी मी कुठंतरी वाचलं, की तसल्याच गवताच्या वासाच्या एका पदार्थानं जनावरांचं यकृत खराब होतं, म्हणून काही देशांनी तो खाण्यातून काढून टाकला. ती पूड तीच होती का, मला माहीत नाही. आईच्या पोटात गेली तेवढ्यानं काही झालं असतं का, तेही नाही. माझं भिणं खरं होतं की उगीच होतं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, कारण मी कुणाला विचारलंच नाही. आई गेली तेव्हाही तिच्या कानाशी वाकून सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही.

आणि तुम्ही. तुम्ही त्यानंतरही पुष्कळ जगलात, आबा. पाहुण्यांना माझं कौतुक सांगायचात, आमच्या पोरीला शेळीची दया आली, पण वही खरी केली तिनं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायचे आणि ऐकायचे. दया नव्हती ती. त्या शेळीचं मला काही नव्हतं. आईला काय होणार ते मला कळायला नको होतं, म्हणून मी पूड पुरली.

हे लिहून झालं की धाकट्या भावाला वाचायला द्यायचं, असं सकाळी ठरवलं होतं. आता रविवारी तो येईल. नाही देणार. अजून मला त्याची भीती वाटते, तो काय म्हणेल त्याची नाही, तुम्ही दोघं तेव्हा हसलात तसा तो हसेल त्याची.