कपाळावरची खोक

कराडजवळून, माघ महिना, सन १९४५

तीर्थस्वरूप भाऊसोदादा यांच्या पायांवर धाकट्या बहिणीचं, राहीचं, डोकं. (डोकं टेकवताना हल्ली जपावं लागतं. कारण पुढं येईलच.)

तुमच्या जबड्याची तार काढली का? पुण्याच्या लष्करी दवाखान्यात तुम्ही पेजेवर दिवस काढताय हे ऐकून वहिनी रडल्या, आणि डोळे पुसून म्हणाल्या, "गप हायत तवर बरं हाय." मनावर घेऊ नका. हाडाचं मला कळत नाही, पण तोंडातली जखम लवकर भरते असं कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. तिथं रक्त भरपूर खेळतं, लाळेनं जागा ओली राहते, म्हणून आतली कातडी चटकन सांधते आणि मागं खूणही फारशी ठेवत नाही. हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. त्यासाठी मी कपाळ फोडून घेतलं आणि जीभ चावली.

माझी खोड तुम्हाला माहीत आहे, अक्षर दिसलं की पाय थांबतात. (शाळेत तुम्ही गेलात, पण तुमची पाटी चुलीपुढं बसून मी वाचली.) त्या दिवशी चहाच्या पुडीचा कागद घेऊन गोठ्यात उभी होते. दंतमंजनाची जाहिरात होती, आणि सदा हसतमुख राहण्याचा उपाय पुढच्याच ओळीत यायचा होता. तेवढ्यात कालवडीनं दावं ओढलं. दावं माझ्या पायात, आणि मी गव्हाणीच्या दगडावर. उपाय काय तो कळलाच नाही, कारण कागद कालवडीनं खाल्ला. ती मात्र तेव्हापासून आनंदात आहे.

जीभ आठवड्याच्या आत भरली. (तेवढे दिवस आत्याबाईंना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, फार निवांत गेले.) कपाळाचं मात्र तसं नाही. खोक पडली ती नेमकी दोन भुवयांच्या मधोमध. आत्याबाईंनी आधी मूठभर हळद दाबली, मग डॉक्टरांनी टाके घातले, आणि टाके निघाल्यावर राहिला तो गोल, लालभडक वण. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याचा ताजा वण असाच लाल असतो, वर्षभरात फिका पडेल, तोवर ऊन लागू देऊ नका आणि राखमाती फासू नका. आता तुम्हीच डोळ्यांपुढं आणा, विधवा बाई, कपाळावर लाल टिकला आणि भोवती हळदीचा पिवळेपणा.

पहिला फसला तो बाजारातला कासार. "आवं वैनी, मालक हायत न्हवं? मग हात मोकळं कशापायी?" म्हणत त्यानं हिरव्या बांगड्या पुढं केल्या. मी हात मागं घेतला, पण गावात बोलणं सुरू झालंच. यांचं मरण तारेनं कळलेलं, गावात देह कुणी पाहिलेला नाही, आणि आपल्या जिल्ह्यात तर सध्या कुठल्याही घरचा पुरुष भूमिगत होऊन उसात बसलेला असू शकतो. "आकाराम मेला न्हाई, पलटण सोडून आलाय," असं ठरलं. शेजारचा गुंडा भाकरी, ठेचा आणि तंबाखू बांधून घेऊन आला. "आकारामदादास्नी पोचवा. माजं नाव सांगू नगा." मी म्हटलं, "अरं गुंडा, ही खोक हाय रं." त्यानं डोळा मारला. "व्हय व्हय, खोकच हाय. आमी कुटं काय म्हनतोय?"

मग फौजदार आला. कणगीत डोकावला, कडबा उपसला. कालवडीनं मान उडवून एका शिपायाचा ओठ फोडला. त्याला मी मिठाच्या पाण्यानं चुळा भरायला लावल्या आणि धीर दिला, की आतून लवकर भरेल, वरून रेघ राहील, तेव्हा मिशी वाढवा. फौजदारानं जाताना दरडावलं, "खरं सांगा बाई, नवरा कुठं आहे?" मी म्हटलं, "इटलीत." तो म्हणाला, "तिथून परत कधी येणार?" दादा, मी उपसलेला कडबा परत रचायला लागले.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण माझ्या लेकीची, अंजनाची, तासगावची सोयरीक यात अडकली आहे. मुलाची आत्या, हरणाबाई, साखरपुड्याचं बोलायला आल्या आणि माझ्या कपाळाकडं बघून उंबऱ्यातच थांबल्या. "बाप न्हाई म्हनून सांगितलं तुमी. मग एकतर त्यो फरारी हाय, न्हाईतर तुमी पाट लावून दुसरा नवरा केलाय. मांडवात पोलीस आल्यालं आमाला चालायचं न्हाई." मी म्हटलं, कुंकू असेल तर पुसून बघा. त्यांनी खरोखर अंगठ्यानं घासलं. (माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं.) अंगठा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "गोंदून घेतलं असंल." त्या दिवसापासून अंजना जेवणाला हात लावून उठते. तिला मुलगा पसंत आहे, हे ती मला सांगत नाही, कालवडीला सांगते.

बाकी सर्व क्षेम. कडक काही चावू नका. वहिनींशी बोलायची घाई करू नका.

तुमची,
राही

ता. क. पत्राचं खरं कारण हे. तुम्ही दोघं एका तुकडीत होता, आणि यांना अग्नी तुम्ही दिलात. तेवढं हरणाबाईंना तुमच्या हातानं लिहून कळवा, की मी समोर होतो, ते गेले. वर पलटणीचा शिक्का मिळाला तर बरं. त्याशिवाय त्या ऐकायच्या नाहीत आणि अंजनाचं लग्न मोडेल.

आणखी एक. साखरपुडा फाल्गुन सरता सरता केला तरी त्यांना चालतो, म्हणजे लगेच आजच लिहायला हवं असं नाही. वाटेत भेटेल तो सध्या यांची खुशाली विचारतो. आणखी थोडे दिवस विचारू देत.