खंडेनवमीला उघडलेला पंप

१५ ऑक्टोबर १९८३, खंडेनवमी
सकाळी औजारांची पूजा. नांगर, कुदळी, पाय-पंप, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. पंप द्राक्षबागेवर फवारा मारायचा. जुना आहे, पण चालतो. पायडल मारताना थोडा गळतो. कित्येक वर्षं गळतो. यांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. हेडमिस्ट्रेस असताना शाळेतला एकही नळ गळू दिला नाही. रिटायर होऊन पिंपळगावच्या मळ्यात राहायला आले म्हणजे शिस्त सोडली असं नव्हे.
निश्चय: मिस्त्री बंद. यापुढे सर्व यंत्रांची देखभाल मी स्वतः. बी.ए.ला लॉजिक होतं. यंत्र म्हणजे लोखंडात बसवलेलं लॉजिक.
दुपारी पंप उघडला. आमचा गडी सहादू म्हणाला, बाई, आज हत्याराला हात नाय लावायचा, आज त्येची सुट्टी हाय. म्हटलं, नोकरदार माणूस डॉक्टरकडे सुट्टीच्याच दिवशी जातो. दोन पावलं मागे सरकला. पटलं असावं.

१६ ऑक्टोबर, दसरा
पंप परातीत. सुट्टा. सोनं द्यायला येणारे परातीतही आपट्याचं पान टाकून जातात. शेजारच्या मळ्यातले खंडेराव भाऊजी, यांचे चुलत भाऊ, परातीपाशी बराच वेळ हात जोडून उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, वहिनी, किती वाजता गेला? विनोद कळला. दुर्लक्ष केलं.

१९ ऑक्टोबर
पंप जोडला. पाणी ओढत नाही. पण गळतही नाही. म्हणजे मूळ तक्रार दूर झाली.

२४ ऑक्टोबर
छाटणी केलेल्या वेलींना कोवळी पानं. हे म्हणाले, आता ढग आले की लगेच बोर्डोचं निळं औषध मारायचं. मोरचूद आणि चुना आणून ठेवलाय. एक फवारा चुकला तर डावनी येईल, पानांवर तेलकट डाग पडतील, पाठोपाठ घड जळतील, आणि मग वर्षभर बसा नुसता मांडव बघत. पंपाचं काय?
तयार आहे म्हटलं. पाणी ओढायचं तेवढं राहिलंय, हे मुद्दाम सांगण्यासारखं वाटलं नाही.

२८ ऑक्टोबर
पुन्हा उघडला. दोष सापडला. दट्ट्यावरचा चामड्याचा वॉशर कडक झालाय. एवढ्यासाठी बाजारात कशाला जायचं? यांच्या जुन्या चपलेतून गोल कापून काढला. छान बसला. चप्पल नवी निघाली. दिवाळीसाठी आणलेली. यांनी उरलेली एकच चप्पल पायात घातली. एका पायाने लंगडत बागेत गेले. यांचा स्वभाव मुळात शांत.

३१ ऑक्टोबर
ट्रायल. सहादूची बायको भिमाबाई पायडलवर, मी फवाऱ्याची नळी धरून. फवारा आला नाही, पिंपात मात्र मोठमोठे बुडबुडे आले. म्हणजे पंपात जोर आहे. दिशा तेवढी बदलायची.
भिमाबाई म्हणाली, बाई, ह्यो पंप रुसलाय. ऐन पूजेच्या दिवशी चारचौघांत नागडा केला, मंग कोन बोलंल तुमच्याशी? नारळ फोडा.
माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण माणसांचं मन राखावं लागतं, म्हणून फोडला. दगड जवळ नव्हता. पंपावरच फोडला. पायडल तिरकं झालं. उजव्या पायाने काम करणाराला आता अधिक सोयीचं.

२ नोव्हेंबर
सकाळपासून ढग. खंडेराव भाऊजींच्या बागेत फवारणी सुरू. बांधावरून ओरडले, वहिनी, माझं दुपारपर्यंत उरकतंय, मग माझा पंप घेऊन जा. म्हटलं, उसन्या हत्यारावर मी बाग करत नाही.
हे म्हणाले, बागच राहिली नाही तर काय करशील?
एकदम असं बोलायचा यांचा स्वभाव नाही. हवेचा परिणाम असावा.
दुपारी पुन्हा उघडला. संध्याकाळी झाकला. चपलेचं चामडं पाण्यात भिजून भाकरीसारखं फुगलंय. चप्पलवाल्याने फसवलं.

३ नोव्हेंबर, पहाटे
ढग आणखी खाली आलेत. नाशिकला जाऊन तयार वॉशर आणते म्हटलं. हे लगेच हो म्हणाले. स्वतः स्टँडपर्यंत सोडायला निघालेत. वर सांगतात, घाई करू नकोस. चार दुकानं बघ. इंदिरानगरला तुझ्या मैत्रिणीकडे, विमलाबाईंकडे, जेवून घे. वेळ मिळाला तर सिनेमा बघ.
लग्न झाल्यापासून यांच्या तोंडून सिनेमा हा शब्द मी प्रथमच ऐकला. माझ्या कष्टांची जाणीव झालेली दिसते.

त्याच दिवशी, संध्याकाळी
पहिल्याच दुकानात वॉशर मिळाला. विमलाबाईंकडे जेवले. सिनेमा पाहिला नाही.
परत येऊन बघते तर अख्खी बाग निळी. पान न् पान. यांचे कान निळे, सहादूच्या मिशा निळ्या. खंडेराव भाऊजी ओट्यावर चहा पीत होते, त्यांच्या टोपीवरही निळे ठिपके. हे म्हणाले, तुझाच पंप. तू एसटीत बसलीस न् सुरू झाला. सहादू म्हणाला, लय जोरात, बाई, आवरता आवरंना. भाऊजी म्हणाले, वहिनी, तुमच्या हाताला गुण आहे, फक्त हात लांब असला पाहिजे. भिमाबाई तोंडात पदर कोंबून मागच्या दाराने गेली. आनंदाश्रू.
अनुमान सोपं आहे. दुरुस्ती ही औषधासारखी असते. लागू पडायला वेळ लागतो.
निश्चय: महिला मंडळात भाषण द्यायचं. विषय, स्त्री आणि यंत्र.

४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
पूजेला बत्तासे काढायला नाशिकची पिशवी उपडी केली. वॉशर निघाला. त्याच्याबरोबर फडक्यात गुंडाळलेला दट्ट्या निघाला. मापाला म्हणून मीच नेला होता. म्हणजे काल दिवसभर तो माझ्या मांडीवर होता. एसटीत. विमलाबाईंच्या पंगतीला.
पहिलं विधान: दट्ट्याशिवाय पंप म्हणजे रिकामं नळकांडं. दुसरं विधान: बाग फवारलेली आहे. तिसरं विधान लिहिताना पेन अडलं. शाई संपली असावी. आता पेन्सिलीने लिहीत आहे, पण तिसरं विधान राहू दे.
ऊन पडलं. सगळी बाग फिरून बघितली. एकाही पानावर डाग नाही.

५ नोव्हेंबर, पाडवा
यांना ओवाळलं. कान अजून निळे. दट्ट्याबद्दल मी काही बोलले नाही. तेही नाहीत. ओवाळणीत पान्यांचा सेट द्या असं सुचवून ठेवलं होतं. साडी आली.
भाषण पुढे ढकललं. मंडळाच्या बायका फराळाच्या गडबडीत असतात.

६ नोव्हेंबर, भाऊबीज
भाऊजींचं उपकाराचं ओझं ठेवणं बरं नाही. नुसते आभार मानणं माझ्या स्वभावात नाही. त्यांचा पंप दोन तारखेला बांधापलीकडे खरखरत होता. तेव्हा सकाळी पदराखाली पाना घेतला आणि गेले. एक तास उघडून, पुसून, झाकून द्यावा, म्हणजे फिट्टंफाट.
दारात लंकाबाई, भाऊजींची बायको. म्हणाली, या जाऊबाई, पण हे घरी नाहीत, देवळ्याला गेलेत, बहिणीकडे भाऊबीजेला. म्हटलं, हरकत नाही, पंप दाखव, तोवर बघून ठेवते. तिने चुलीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, मग म्हणाली, पंपबी नेलाय.
भाऊबीजेला?
हो, म्हणाली, एसटीच्या टपावर टाकून. काल तुमच्याकडच्या भावजींनी येऊन सांगितलं ना, तुमी पाना शोधताय म्हणून. आता ढग परत येईपर्यंत तिकडंच ऱ्हाईल म्हनले, नणंदेच्या माळ्यावर.
करंज्या दिल्या. घेतल्या. चांगल्या झाल्या होत्या.
परत येताना बांधावर भिमाबाई गवत कापत होती. माझ्या हातातला पाना पाहिला आणि विळा पाठीमागे लपवला. विळ्यात उघडण्यासारखं काहीच नसतं. तरी लपवला.