सात जिवांची पोच

आदरणीय रसेशकुमार,

जय जिनेंद्र. तुमची साखर, नलिनीचे गुडघे आणि भावनगरचं ऊन, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. आमची खुशाली विचारू नका. मी न विचारताच सांगणार आहे, कारण माझं डोकं फिरलंय.

तुमच्या सासूबाईंचं, म्हणजे माझ्या आईचं, बाचं, वर्षीतप तेराव्या महिन्यात आलंय. एक दिवस जेवण, एक दिवस उपास. अखात्रीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उसाच्या रसाने पारणं. उपासाला तिच्या पोटात जातं ते फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंत. आणि तेच पाणी होळीपासून गटाराच्या वासाचं येतंय! मी पाणीखात्याला चार अर्ज केले. चारही वेळा एकच छापील उत्तर: तपासणीत पाणी निर्दोष आढळले. (तपासणी कुठे केली देव जाणे. साहेबांच्या टेबलाशेजारी विकतच्या पाण्याचा मोठा बाटला उलटा उभा असतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.)

परवा उपास होता. सकाळी बाने नेहमीसारखं पाणी गाळलं, तर फडक्यावर सात जीव. लाल, दोऱ्याएवढे, वळवळणारे. मी ओरडलो. बाने ते अलगद थोड्या पाण्यासकट बरणीत घेतले. ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात परत सोडायचे, हा आपला धर्म. आजवर गाळलेलं ती घरच्या टाकीत परत ओतायची, पण ही पाहुणेमंडळी थेट नळातून आलेली, आणि नळात काही उलटं ओतता येत नाही. हे घरी पोचेपर्यंत मी पाणी पिणार नाही, असं सांगून ती बरणी मांडीवर घेऊन बसली. बेचाळीस अंश ऊन, ऐंशीला टेकलेली बाई, पोटात अन्न नाही आणि आता पाणीही नाही!

रिक्षा केली. पाणीखात्यात इंजिनिअर पंचोलीसाहेबांपुढे बरणी ठेवली.

"काकी, हे आमचे नाहीत," साहेब म्हणाले. "तुमच्या घरातले असतील."

"माझ्या घरातल्या सगळ्यांना मी ओळखते, भाई," बा म्हणाली.

साहेबांनी शिपायाला बरणी मोरीत ओतायला सांगितली, तेव्हा बाने ती पदराखाली घेतली आणि नवकार मंत्र म्हणायला लागली. मी तिथे जे बोललो ते लिहीत नाही (नलिनी पत्र वाचणार). चार वाजले, पाच वाजले. बाचे ओठ सुकून पांढरे पडले आणि साहेब घरी जायला चुळबुळ करू लागले. शेवटी बाच म्हणाली, मला तक्रार करायची नाही, टेकडीवरच्या टाकीचा पहारेकरी आत सोडेल अशी चिठ्ठी तेवढी द्या. साहेबांना सुटका दिसली. त्यांनी सहीशिक्क्यासह लिहून दिलं: 'टाकीतून आलेले सात जिवंत कीटक टाकीत परत सोडण्यास परवानगी आहे.' चार अर्जांनी जे कबूल झालं नाही, ते एका बरणीने लिहून घेतलं! (त्या टाकीचं पाणी आपणच पितो, असं मी बाला वाटेत म्हटलं. ती म्हणाली, त्यांचं घर आहे ते.)

सातही जीव टाकीत सोडून आम्ही घरी परतलो तेव्हा सूर्य मावळायला दहा मिनिटं होती. बा दोन पेले पाणी घटाघटा प्यायली. त्याच नळाचं, गाळलेलं, उकळलेलं. रसेशकुमार, ते बघून मला रडू आलं, संतापानेच. ती चिठ्ठी मी वर्तमानपत्रात छापून आणणार आहे. सोडत नाही मी!

आपला,
धनवंत

ता. क. चिठ्ठी छापायचं तूर्त राहू दे. बाला पाणीखात्याची नोटीस आलीय: शहराच्या टाकीत कीटक सोडून पाणी दूषित केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा. (म्हणजे पाणी दूषित आहे हे अखेर मान्य झालं. केलं बाने!)

दुसरा ता. क. खरं काम हे. पारण्याला एकोणीस दिवस आहेत आणि तुमच्या अंगणाखाली पावसाच्या पाण्याचं टाकं आहे. मी तिथून हंडे आणणार होतो, पण बा म्हणते, मग गाळलेले जीव रोज भावनगरला पोचवायला कोण जाईल? तेव्हा बालाच तुमच्याकडे ठेवून घ्या. मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून एकतीस वर्षं ती तुमच्याकडे स्वतःचा लोटा घेऊन येते, हे मला माहीत आहे. भीत भीतच विचारलं. म्हणाली, टाक्यातलं पाणी पावसाचं, आणि पाऊस काही जावयाच्या बापाचा नाही. (शब्द बाचे आहेत, राग मानू नका.) रविवारच्या बसने येतोय. बरणी ती सोबत घेतेय.