स्थिर तारा आणि पाच शिक्के

मिचियोताईस, धाकट्या त्सुनेओचा कमरेत वाकून नमस्कार. उन्हाळा सरत आला तरी इथला उकाडा हलायला तयार नाही. बेटावर वारा असेल, तुझे गुडघे बरे असतील आणि दाजींनी पुन्हा दारू सोडली असेल, असं धरून चालतो (त्यांना सोडायचा चांगला सराव आहे). दोन वर्षांनी लिहितोय म्हणून रागावू नकोस.

आमच्या वेधशाळेत यंदाही शाळामास्तरांचं सुट्टीतलं शिबिर भरलं. दुर्बिणीतले कित्येक रात्रींचे खरे फोटो द्यायचे, मास्तरांनी स्वतः ताऱ्यांचं तेज मोजून आलेख काढायचा आणि शाळेत मुलांकडून तेच करून घ्यायचं, ही कल्पना माझी. कल्पनेला वेगळा पगार द्यावा लागत नाही, म्हणून संचालक इसोगाईसाहेबांनी ती मंजूर केली. पहिल्याच दिवशी सगळ्यांत ज्येष्ठ हाताकेयामा सरांनी विचारलं, "उत्तरसूची कुठंय?" म्हटलं, "सर, आकाशाची उत्तरसूची छापत नाहीत." "मग लाल गोल कशावर करायचा?" सर खरोखरच काळजीत पडले. चाळीस वर्षं बरोबर उत्तराभोवती लाल गोल काढलेला माणूस तो. दुपारी पाहतो तर त्यांच्या गटाचे जवळजवळ सगळे ठिपके फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ! वाकडे आलेले त्यांनी खोडरबराने 'सुधारले' होते.

सुधारू दिले नव्हते ते फक्त त्याच गटातल्या, तुझ्या शाळेच्या कुवाहारा बाईंनी. बाकीच्यांचं तेज ज्याच्याशी ताडून पाहायचं, तो 'स्थिर' तारा (इसोगाईसाहेबांनी जातीने निवडलेला) दर नऊ दिवसांनी मंदावतो, असं त्यांच्या मोजणीत आलं. चारदा मोजलं, तरी तेच. आता अहवालावर सहीच्या जागी गटातल्या पाचही जणांचे शिक्के लागतात, आणि बाकी चौघांनी आपापले शिक्के खिशातून काढलेच नाहीत. "बाई, एका ताऱ्यापायी सगळ्यांचं जेवण कशाला खोळंबवता?" हाताकेयामा सर अगदी मायेने म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं. मग त्यांनी ठिपके पुसले, सगळ्यांची माफी मागितली आणि आपला शिक्का रीतीप्रमाणे वरिष्ठांच्या शिक्क्याकडे झुकवून उमटवला. इतका झुकलेला शिक्का मी आमच्या ऑफिसातसुद्धा पाहिलेला नाही (आणि आम्ही या कामात कसलेले). ताई, मला माझी लाज वाटली.

निघताना बाई म्हणाल्या, "मुलांना दाखवायचा होता हो. सहाच तर मुलं, आणि मार्चमध्ये शाळाही कायमची बंद होणार. म्हटलं, निदान एक तारा तरी त्यांच्या नावावर राहील." मी म्हटलं, पुन्हा तपासून कळवतो. शिबिराचा अभिप्राय मात्र एकमताने आला: आकाश उत्तम, पुढच्या वर्षी जरा नीटनेटकं मिळावं.

बाकी क्षेम. गुडघ्यांना जप.

तुझा
त्सुनेओ

ता. क. एक काम होतं. कॅमेऱ्यात धूळ होती, एवढं कुवाहारा बाईंना सांगशील? तू मुख्याध्यापिका, तुझ्या तोंडून त्यांना खरं वाटेल.

आणखी एक ता. क. धूळ नव्हती. मी सहा वर्षांचे जुने फोटो काढून पाहिले. तारा खरंच मंदावतो. साहेबांनी शोधनिबंध धाडलाही. पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. तिसरं घालायचं का, हे मी विचारलं नाही. माझी बढती त्यांच्याच टेबलावर आहे. त्या सहा मुलांनी विचारलं, तर त्यांनाही धूळच सांग.