भिंतीपलीकडचं दुखणं

३ जून

चि. छबीस, वहिनीचे अनेक आशीर्वाद. इकडे सारे ठीक, असं पद्धत म्हणून लिहिते. मी मात्र ठीक नाही.

फोनवर हे बोलता येत नाही. तुझ्या आई शेजारच्याच खोलीत असतात आणि मधली भिंत नावालाच आहे. धाकट्याच्या बाळंतपणापासून माझं अंग बाहेर येतं. आधी कधीमधी यायचं, आता शिलाई मशीनवर जरा बसले की येतंच. कापडाचे गठ्ठे उचलणं सोडलं, खोकतेसुद्धा जपून. तुझ्या दादाला वाटतं, मला कामाचा कंटाळा आलाय. घरची नणंद बायकांच्या विभागात नर्स, आणि तिलाच सांगायला धाकट्याला मिसरूड फुटेपर्यंत थांबले. हसायचं तर हस, पण ऑपरेशनची तारीख मिळवून दे. दादाला कळू देऊ नकोस.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी वहिनी

९ जून

ती. सौ. वहिनीस, छबीचा सा. न. वि. वि. हसले नाही, चांगली रागावले. मग माझाच राग आला. दर सुट्टीत घरी येते, तुला बघते आणि मला कळू नये?

आमच्याकडे सध्या याच दुखण्याचा अभ्यास चाललाय. निम्म्या बायकांचं ऑपरेशन होतं, निम्म्यांना आत मऊ रिंग बसवतात. ती अंग वर धरते, काढून धुता येते. दोन्ही उपाय जुनेच. पुढे वर्षभर कोण जास्त सुखात राहतं, ते आमच्या डॉक्टरीणबाईंना पाहायचंय. कुणाला काय, हे कॉम्प्युटर ठरवतो, चिठ्ठी उचलल्यासारखं. माझा वशिला चालणार नाही. अभ्यासात यायचं नसेल, तरी उपचार होतीलच. तुझ्याशी बोलणी दुसरी नर्स करील. मी विचारलं तर तू भिडेखातर हो म्हणशील.

लोभ आहे, म्हणूनच रागावले.
छबी

२ जुलै

चि. छबीस, आशीर्वाद, पण जरा फुगलेले. अभ्यासात नाव दिलं आणि माझ्या वाट्याला रिंग आली. शेजारच्या बाईला ऑपरेशन मिळालं, ती लगेच घरी फोन लावून बसली. तुला एक बोट हलवता आलं नाही? बसमधून उतरताना रिंग घसरली, घरापर्यंत कशी आले ते माझं मला ठाऊक. मी नाव काढून घेणार.

रागातही तुझीच,
वहिनी

६ जुलै

ती. सौ. वहिनीस, सा. न. वि. वि. बोट हलवलं असतं, तर त्या अभ्यासाला काडीचा अर्थ राहिला नसता, आणि पुढच्या बायकांना आम्ही अंदाजानेच सांगत बसलो असतो. नाव खुशाल काढ. कुणी कारण विचारणार नाही, मीही नाही. ऑपरेशनचं मग वेगळं बघू. पण पहिलं माप पुष्कळदा चुकतं. गिऱ्हाइकाला पहिल्या फिटिंगला कपडा सैल झाला, तर तू शिवणकाम सोडतेस का? एकदा मोठं माप घालून बघ, मग ठरव.

जीव लावलास, तो काढून घेऊ नकोस.
छबी

२१ सप्टेंबर

चि. छबीस, अनेक आशीर्वाद, यावेळी मनापासून. मोठं माप बसलं ते बसलंच. रिंग माझी मी काढते, धुते, घालते. दिवसभर मशीनवर असते, शाळेच्या गणवेशांचं काम पुन्हा घेतलं. नाव काढलं नाही, वर्षभर तपासायला येणार. दादालाही सांगितलं. तो दुसऱ्या दिवसापासून गठ्ठे स्वतःच उचलायला लागला. मला जमतंय म्हटलं, तरी ऐकत नाही.

आता खरं सांगायचं ते. परवा तुझ्या आई माझ्या मशीनपाशी येऊन बसल्या. तुझं कसं बरं झालं ते मलाही सांग, म्हणाल्या. त्यांनाही हेच आहे छबी, तुझ्या जन्मापासून. मी विचारलं, मुलगी याच विभागात नर्स, तिला का नाही सांगितलं? तर म्हणाल्या, पोरीला वाटलं असतं आपल्यामुळेच झालं.

मी त्यांना घेऊन सोमवारी येते. अभ्यासात जायचं का, ते तिथली नर्स विचारील आणि आई ठरवतील. त्यांनी एवढंच सांगायला लावलंय, की तपासायच्या खोलीत तू नको. बाहेरच्या बाकावर मात्र तू हवीस.

तुझ्यावर आम्हा दोघींचा जीव आहे.
वहिनी