डाव्या बाजूचा आरसा

ता. ५ जून

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहोत. फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि फोन ठेवला की विसरतोस, म्हणून लिहितेय. माझे गुडघे तेवढे कुरकुरतात, पण ते निदान वेळेवर कुरकुरतात. तुझं पत्र तेवढंही येत नाही.

कारण आपल्या राजांचं. वर्कशॉप बंद पडल्यापासून तुझा भाचा घरात नुसत्या येरझारा घालतोय. दाराची कडी वाजली तरी उठतो, जणू नोकरीच चालत आली. आता चिमणीच्या शाळेला बससाठी ड्रायव्हर हवाय. मुख्याध्यापिकाबाईंनी मला स्वतः सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत मोठ्या गाडीचं लायसन्स दाखवलं तर काम त्याचंच. लेकीची चिमणी इथे माझ्याकडेच असते. रोज आपल्या मामाच्या बसमधून शाळेत जायचं म्हणून ती आत्तापासूनच मैत्रिणींना जागा वाटतेय.

आमच्या भागातल्या सगळ्यांची टेस्ट तुझ्याच ऑफिसात होते. सख्खा मामा इन्स्पेक्टर असताना पोराने घाबरायचं कशाला? आठवडाभर ठेवून घे. तुझ्या बायकोला सांग, जेवताना त्याला आग्रह करू नकोस. तो लाजत नाही.

मोठी बहीण आहे, लोभ मागत नाही, धरूनच चालते.
तुझी अक्का


ता. १४ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

राजे सुखरूप पोचले. आग्रहाची वेळ खरंच आली नाही.

परवा ओळखीच्या ट्रेनिंगवाल्याची बस मागून घेतली आणि त्याला रस्त्यावर काढलं. हात छान आहे पोराचा. एवढी मोठी गाडी, पण गिअर टाकलेला कळत नाही. फक्त डावीकडे वळताना डाव्या आरशात बघत नाही. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाला, बघितलं की रे मामा. बघितलं नव्हतं. मी त्याच्या डोळ्यांकडेच बघत होतो. बसच्या डाव्या बाजूला सायकल किंवा एखादं पोर असं झाकलं जातं की आरशाशिवाय दिसतच नाही. अजून महिनाभर सराव कर म्हणालो, तर त्याचं तोंड एवढंसं झालं. महिनाभर शाळा थांबणार नाही, हेही खरंच आहे.

आता माझं दुखणं सांगतो. नात्यातल्या माणसाची टेस्ट मला घेता येत नाही. ती आमचे मिशीवाले साहेब घेतील. पण आमच्याकडे एक रीत पडून गेलीय. ऑफिसातल्या कुणाचं माणूस आलं की आवारातच एक चक्कर मारायची, चहा प्यायचा आणि पास. कुणी कुणाला विचारत नाही. म्हणजे मी बोटही हलवायला नको, नुसतं गप्प बसायचं आणि राजे पास. अक्का, ते गप्प बसणंच जमेना झालंय. मुलगा येरझारा घालतो म्हणतेस, आता मामाही घालतोय. तुझी भावजय म्हणते, दोघांपैकी एक जण तरी बसा, मला झाडू मारायचाय.

तू काय म्हणशील ते ठाऊक आहे, म्हणून विचारत नाही.

लोभ आहे तेवढा जपून ठेव, लवकरच लागेल.
तुझा भाऊ


ता. २० जून

ती. मामास,
सा. न.

निरोप न घेता निघून आलो, त्याबद्दल मामीची माफी मागतो. तुमची नाही. आजवर अरेतुरे केलं, आता तुम्ही म्हणतोय. कळलं असेलच.

मिशीवाल्या साहेबांनी मला सगळं सांगितलं. ते मला आवारातच फिरवून सोडणार होते. तुम्ही आदल्या दिवशी त्यांना जाऊन म्हणालात, की याला भर रस्त्यावर न्या, अनोळखी माणसासारखा तपासा. साहेब हसत होते. असा मामा बघितला नाही म्हणाले.

बाजाराच्या कोपऱ्यावर डावीकडे वळताना एक सायकलवाली बाई मध्ये आली. ट्रेनिंगच्या बसला असतो तो त्यांच्या बाजूचा ब्रेक साहेबांनी दाबला. बाईला काही झालं नाही. शिव्या देऊन ती निघून गेली. मी बघणारच होतो.

आईला एवढंच सांगितलंय, की नापास झालो. ती मलाच दोष देतेय. तुम्ही साहेबांना काय सांगितलंत ते तिला तुम्हीच कळवा, धीर असेल तर.

लोभाचं मला सध्या काही सांगता येत नाही.
आपला भाचा


ता. २४ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

राजाला दोष देऊ नकोस. मिशीवाल्या साहेबांकडे मी गेलो होतो. त्याला रस्त्यावर घ्या, असं मीच म्हणालो. मी गेलो नसतो तर तो आज लायसन्स घेऊन घरी असता आणि तू शेजारीपाजारी पेढे वाटले असतेस.

बरोबर वागलो, असं छातीठोकपणे सांगवत नाही. तुझं घर कसं चाललंय ते मला माहीत आहे. नोकरी गेली ती तुझ्या पोराची, ताठ मान झाली ती माझी, हा हिशेब मलाही टोचतो. पण त्याला तसाच पास होऊ दिला असता, तर रोज शाळा सुटायच्या वेळी माझ्या जिवाला घोर लागला असता.

ऑफिसात मला आता चहाला कुणी हाक मारत नाही. आपली रीत मोडायला लावली, म्हणजे आपल्या आजवरच्या चकरांवर बोट ठेवलं, असं मिशीवाल्यांना वाटतं. गंमत म्हणजे मी तसं बोट ठेवलेलंच नाही. वरच्या साहेबांपुढे अजून अवाक्षर काढलं नाही. आपल्या घरचं पोर नापास करण्याइतकाच धीर होता, तो संपला.

राग काढायचा तर काढ, पण लिहून काढ. अबोला मला सोसत नाही.
तुझा भाऊ


ता. १९ जुलै

चि. भाऊस,
आशीर्वाद, नाइलाजाने.

महिनाभर उत्तर दिलं नाही. दोनदा लिहिलं, पण ते पोस्टमनच्या हातात द्यायला मलाच लाज वाटली. माझा राग गेलेला नाही. राजा हल्ली एका गोदामात पोती उतरवतो आणि कमरेला हात लावून घरी येतो. ते बघितलं की तुला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. हे आधी नोंदवून ठेव.

शाळेच्या बसवर नवा ड्रायव्हर आलाय. कपडे नीटनेटके, बोलायला अदबशीर. पहिल्याच सकाळी चिमणीला पायरीवर चढवली आणि माझा हातच सुटेना. पोरगी ओढतेय, मागच्या बाया खोळंबल्यात, आणि मी आपली त्या माणसाच्या तोंडाकडे बघतेय. हा डावीकडे बघतो का? कुणी याच्या डोळ्यांकडे बघत बसलं होतं का? त्याला विचारलं, लायसन्स कुठलं. तुझ्याच ऑफिसचं निघालं, ह्याच मेमधलं. तिथे कुणाची ओळख आहे का, असंही विचारलं. तो गोड हसला आणि आहे म्हणाला.

मी पोरीला खाली उतरवली. तेव्हापासून तिला पायी नेते. गुडघ्यांची बोंब आहे. राजाने विचारलं, आई, बस असताना चालत का? मी कारण सांगितलं. त्याने ताटातला हात तसाच ठेवला. मग म्हणाला, मामाला लिही.

चिमणीला मी चालवत नेईन. पण आम्ही रस्त्याने जात असतो आणि ती बस शेजारून जाते, भरलेली. खिडकीतून तिच्या मैत्रिणी हात हलवतात. मला हात वर करवत नाही.

तर आता तूच सांग, टेस्टला त्या ड्रायव्हरला रस्त्यावर कुणी नेलं होतं का? नेलं असेल तर तसं कळव, म्हणजे मी निवांत होईन. आणि नेलं नसेल, तर वरच्या साहेबांकडे उद्याच्या उद्या जा. तुझ्या मिशीवाल्यांचं मन दुखेल म्हणून थांबू नकोस. माझं दुखेल म्हणून थांबला होतास का?

तुझीच,
अक्का